पाळण्यावरचे जाळे

लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी मी मे महिन्यात मिनियापोलिसला गेले, तेव्हा माझ्या पेटीत डिंक, अळीव, बाळंतशोपा, वेखंडाचा तुकडा, चांदीचे वाळे आणि काळ्या मण्यांच्या मनगट्या असा सगळा सरंजाम होता. डिंक-अळीवांचे लेकीने आनंदाने स्वागत केले. बाकीच्या वस्तू मात्र एकेक करून पेटीत परत गेल्या. मण्यांचा दोरा तुटला तर बाळ मणी तोंडात घालील. काजळात शिसे असते, डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. वेखंडाकडे तर जावयांनी अशा नजरेने पाहिले की मीच तो तुकडा घाईघाईने पदराखाली घेतला. वाद घालायला मला तोंड नव्हते. तीस वर्षे मी स्वतः शाळेत शास्त्र शिकवले आहे, आणि शिशाबद्दल डॉक्टरांचे म्हणणे खरे होते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळाच्या खोलीत दुपटी घड्या करीत बसले असता भिंतीवरच्या एका वस्तूकडे माझे लक्ष गेले. पाळण्यापासून चांगली हातभर दूर, खिळ्याला एक कडे टांगले होते. कड्यावर निळी फीत गुंडाळलेली, आत दोऱ्याची जाळी, जाळीच्या मध्यभागी वाटोळे भोक, आणि खाली तीन निळी पिसे.

"काय गं, भरतकाम अर्धवट टाकून उठलीस की काय?" मी विचारले.

लेक खो खो हसली. "आई, ते ड्रीमकॅचर आहे. स्वप्नं पकडायचं जाळं. ऑफिसातल्या मैत्रिणींनी भेट दिलं." मग तिने मला त्याची सगळी व्यवस्था समजावून सांगितली. रात्री स्वप्ने हवेत फिरत असतात. वाईट स्वप्ने या जाळ्यात अडकतात आणि सकाळचे पहिले ऊन पडले की जळून जातात. चांगली स्वप्ने शहाणी असतात. ती मधल्या भोकातून बरोबर वाट काढतात आणि पिसावरून घसरत घसरत झोपलेल्या बाळापाशी येतात.

"आणि माझा काळा मणी तेवढा अंधश्रद्धा?"

"अगं, ही नुसती शोभा आहे," ती म्हणाली.

मला मौज वाटली. आपल्या आजीची समजूत ती अंधश्रद्धा, आणि दुसऱ्याच्या आजीची समजूत ती शोभा! मी कडे उलटे करून पाहिले. मागे चिकटवलेल्या कागदावर ते चीनमध्ये तयार झाल्याचे लिहिले होते. म्हणजे ती दुसरी आजी कोण, कुठली, याचा पत्ता त्या कागदावरही नव्हता. बाळ तेवढ्यात झोपेत हसले. आमच्याकडे याला सटवाई हसवते म्हणतात. मी मनातल्या मनात सटवाईला म्हटले, बाई, तू आपली हसवत राहा. इथे तुझ्यावर कुणाची हरकत दिसत नाही.

एवढ्यावर हा विषय संपायचा. पण सप्टेंबरात थोरला नातू शाळेत जाऊ लागला आणि ते कडे पुन्हा माझ्यासमोर आले.

थोरला पाच वर्षांचा. नवे दप्तर, नवा डबा, मोठ्या पिवळ्या बसची ऐट, यांत पहिले काही दिवस मजेत गेले. मग एका दुपारी घरी आला तो गप्पच. दूध पिताना त्याने तुकड्या-तुकड्यांनी सांगितले ते असे. बाईंनी दाराला कडी घातली. दिवा घालवला. सगळ्या मुलांनी खिडकीपासून लांब, भिंतीला पाठ लावून बसायचे. बोलायचे नाही, हसायचे नाही, रडायचे नाही. वाईट माणूस शाळेत आला तर त्याला कळता कामा नये की इथे मुले आहेत. सारे खोटे खोटे, नुसता सराव.

"आजी, मला शिंक आली होती," तो अभिमानाने म्हणाला, "पण मी नाक घट्ट धरून ठेवलं."

मी त्याच्या केसांवरून हात फिरवला. लेक ओट्यापाशी पाठमोरी उभी होती; ती वळली नाही. अमेरिकेत हा सराव शाळाशाळांतून होतो, आपल्याकडे प्रार्थना व्हावी तितक्या सहजतेने. त्यामागची कारणे कुणाला नव्याने सांगायला नकोत.

त्या रात्री दोनच्या सुमारास मी पाणी प्यायला उठले. त्याच्या खोलीत सहज डोकावले, तो थोरला अंथरुणात भिंतीला पाठ लावून बसलेला. डोळे टक्क उघडे. तोंडातून आवाज नाही. आणि एका हाताने त्याने आपले नाक धरले होते.

मुले रात्री घाबरून किंचाळतात, हे मी पाहिले आहे. लेक लहानपणी किंचाळायची, सारा वाडा जागा व्हायचा, आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू मीठ-मोहऱ्या घेऊन यायच्या. पण घाबरून गप्प बसणारे मूल मी प्रथमच पाहत होते. त्याला शाळेत तसेच शिकवले होते, आणि तो हुशार विद्यार्थी होता.

मी त्याच्याजवळ निजले. माझ्या आजीने मला निजताना म्हणायला शिकवलेला श्लोक त्याला शिकवला: राम, कार्तिकस्वामी, मारुती, गरुड आणि भीम या पाचांची आठवण करून झोपणाऱ्याची दुष्ट स्वप्ने नाहीशी होतात. भीमाची गदा त्याला पसंत पडली. तरी दुसऱ्या दिवशी त्याने आईकडे हट्ट धरला की धाकटीच्या खोलीतले ते कडे माझ्या खोलीत लावा. लावले. रात्री दिवा घालवताना तो त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि मला म्हणाला, "आजी, मध्ये भोक आहे ना. त्यातून तो आला तर?"

तीस वर्षे मुलांच्या प्रश्नांना उत्तरे दिली होती. या प्रश्नापाशी मी अडले. जिने हे जाळे पहिल्यांदा विणले त्या बाईलाच विचारायला हवे, असे मनात आले, आणि दुसऱ्या दिवशी मी जावयांबरोबर सार्वजनिक वाचनालयात गेले.

तिथे मला फ्रान्सिस डेन्समोर भेटली. ही मिनेसोटातल्याच रेड विंग गावची, 1867 सालची. शिक्षणाने संगीताची, पण 1907 पासून ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन ती मूळ रहिवाशांच्या वस्त्यांतून हिंडली आणि मेणाच्या नळ्यांवर त्यांची हजारो गाणी तिने टिपून ठेवली. कोलंबसाच्या चुकीमुळे आपण ज्यांना सरसकट रेड इंडियन म्हणत आलो, त्यांच्यातले सुपीरियर सरोवराच्या आसपासचे लोक म्हणजे ओजिब्वे. त्यांच्या रीतिभातींवरचे डेन्समोरचे पुस्तक 1929 साली निघाले. त्यात बाळांच्या ताईत-तोडग्यांमध्ये या जाळ्याचा उल्लेख आहे, अवघ्या चार ओळींचा.

ओजिब्वे आई बाळाला लाकडी फळीवर बांधून पाठीशी घेई. बाळाच्या अंगाभोवती मऊ शेवाळ, आणि फळीच्या वरच्या टोकाला डोक्याच्या रक्षणासाठी एक वाकवलेली लाकडी कमान. या कमानीला लहान लहान कडी टांगलेली असत, सुमारे साडेतीन इंच व्यासाची, बहुधा दोन. आत लाल रंगवलेल्या बारीक धाग्याची, कोळ्याच्या जाळ्यासारखी वीण. फार पूर्वी हा धागा त्या भागातल्या एका आग्या झुडपाच्या देठापासून काढीत. कोळ्याच्या जाळ्यात जे येईल ते जसे अडकते, तसे हवेतले अरिष्ट या जाळ्यात अडकते, असे त्या बायकांनी डेन्समोरला सांगितले.

बस्स, एवढेच. त्या चार ओळींत स्वप्नाचा शब्द नाही. मधल्या भोकाची कामगिरी नाही, पिसावरून घसरणे नाही, सकाळच्या उन्हात जळणे नाही. आहे ती नुसती एक आई, आणि हवेत काहीतरी असेल ही तिची भीती. मला एकदम काजळाची तीट आठवली. डोळ्यांना दिसत नाही त्यापासून मुलाला राखायचे, तर डोळ्यांना दिसेल असे काहीतरी त्याच्यापाशी ठेवायचे. दोन्हीकडच्या बायका एकाच हिशेबाने चालल्या होत्या.

उलट, स्वप्नांना अडवावे असे ओजिब्वे माणसाच्या मनातही आले नसते. स्वप्न ही त्यांची शाळा होती. स्वप्न पाहा आणि पाहिलेले लक्षात ठेवा, असे मुलांना अगदी लहानपणापासून सांगत. जरा मोठे झालेले मूल तोंडाला कोळसा फासून उपास करी, रानात एकटे राही, आणि जन्मभर पाठीशी उभे राहील असे एखादे स्वप्न पडण्याची वाट पाही. बाळाचे नावदेखील नाव ठेवणाऱ्या वृद्धाच्या स्वप्नातून येई. आपल्याकडे आत्या नाव ठेवते ते कुलदैवतावरून, आजोबांवरून, नाहीतर हल्ली पुस्तकातून. कुणाच्या तरी स्वप्नातून आलेले नाव घेऊन जगायचे, ही कल्पना मला फारच आवडली.

स्वप्ने चाळणारी गोष्ट पुढे फुलली असावी. निदान आज तरी तीच सर्वतोमुखी आहे. ओजिब्वे सांगतात ती अशी. कोळीण ही साऱ्या लोकांची आजी. त्यांच्या भाषेत कोळ्याचे नावच मुळी जाळे विणणारा अशा अर्थाचे. ही आजी रोज रात्री प्रत्येक पाळण्यावर आपले जाळे विणून जाई. पण लेकरे-नातवंडे दूरदूर पांगली, आणि म्हातारीला सगळ्या पाळण्यांपर्यंत पोहोचणे होईना. तेव्हा घरोघरच्या आया, मावश्या, आज्या तिच्यासाठी विणू लागल्या. पश्चिमेकडच्या लकोटा लोकांत हीच वस्तू इक्टोमी नावाच्या लबाड कोळ्याने दिली असे म्हणतात. पण त्यांच्याकडे चांगले ते जाळ्यात राहते आणि वाईट ते भोकातून निघून जाते. म्हणजे शेजाऱ्या-शेजाऱ्यांत अगदी उलट! थोरल्याच्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले नव्हते. पण पांगलेल्या नातवंडांपर्यंत पोहोचू न शकणारी म्हातारी मला पुरेपूर कळली. माझा परवाना सहा महिन्यांचा होता, आणि त्यातले चार संपले होते.

त्या आठवड्याच्या अखेरीस आम्ही सगळे उत्तरेकडे मिल लॅक्सला गेलो. मोटारीने दोन तासांची वाट. मेपलची पाने लाल होऊ लागली होती. मिल लॅक्सचे सरोवर समुद्रासारखे पसरलेले, आणि त्याच्या काठी ओजिब्वे लोकांचे संग्रहालय. चार ऋतूंतले त्यांचे जुने जीवन दाखवणारे एक मोठे दालन तिथे आहे: वसंतात मेपलचा रस आटवणे, शरदात होडीतून सरोवरातला रानतांदूळ झोडपणे. थोरला तिथून हलायला तयार नव्हता. मी शेजारच्या दुकानात शिरले.

दुकानात स्थानिक लोकांनी केलेल्या वस्तू होत्या. परक्याने केलेली वस्तू मूळ रहिवाशांची म्हणून विकणे हा 1990 च्या कायद्याने अमेरिकेत गुन्हा आहे. इथे चिठ्ठीवर करणाऱ्याचे नाव आणि त्याची जमात लिहिलेली. एका बाजूला साधी, तळहाताएवढी कडी टांगली होती. विलोची, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या बहिणीची, ओली काडी वाकवून बांधलेली. आत लाल दोरा. एकही पीस नाही. गल्ल्यावर माझ्याच वयाची एक बाई बसली होती. मी एक कडे हातात घेतले, जरा दाबून पाहिले आणि पुणेरी सवयीने विचारले, "हे टिकेल ना?"

ती हसली. "टिकायला केलेलंच नसतं ते," ती म्हणाली. "काडी वाळते, दोरा सैल पडतो. तोवर मूल मोठं होतं."

कुणासाठी हवे, असे तिने विचारले. मी नातवाचे वय सांगितले. का हवे तेही, माझ्या मोडक्या इंग्रजीत, सांगितले. भिंतीला टेकून बसणे, नाक धरणे, सगळे. तिने ते कडे कागदात गुंडाळता गुंडाळता हात थांबवला. "माझी नात त्याच यत्तेत आहे," एवढेच ती म्हणाली. आम्ही दोघी क्षणभर एकमेकींकडे पाहत राहिलो. मग तिने सुट्टे पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले.

परतीच्या वाटेवर मी फारशी बोलले नाही. वाचनालयात जे आणखी वाचले होते ते डोक्यात घोळत होते. या बाईच्या आजी-पणजीने हवेतल्या अरिष्टासाठी जाळी विणली; पण तिच्या मुलांवरचे अरिष्ट हवेतून आले नाही. ते सरकारी हुकुमाने आले. 1879 साली पेनसिल्व्हेनियात कार्लाइल येथे मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी निवासी शाळा निघाली, आणि तिच्या पावलावर पाऊल ठेवून देशभर शेकडो. मुलांना आयांपासून तोडून शेकडो मैलांवर न्यायचे, केस कापायचे, नावे बदलायची, स्वतःची भाषा बोलले तर शिक्षा करायची. 2024 साली अमेरिकेच्या सरकारने आपला चौकशी अहवाल पुरा केला, तेव्हा या शाळांत किमान 973 मुले मेल्याची नोंद त्यात होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अध्यक्ष बायडेन यांनी देशाच्या वतीने माफी मागितली. ज्या लोकांनी स्वप्नांना शाळा मानले, त्यांच्या मुलांच्या वाट्याला शाळाच दुःस्वप्न होऊन आली. साडेतीन इंचांच्या जाळ्यात हे कसे अडकावे?

आणि तरीही त्या लोकांनी जाळे टाकून दिले नाही. लेकीने मोटारीत मला एक हकीकत सांगितली. मिनेसोटात ती पुष्कळांना ठाऊक आहे. 1999 साली कोलोराडोतल्या कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला, त्यानंतर तिथल्या मुलांना स्वप्नजाळ्याचा एक फलक सांत्वनाची भेट म्हणून मिळाला. पुढे 2005 च्या मार्चमध्ये मिनेसोटातल्या रेड लेक या ओजिब्वे वस्तीत तसाच प्रसंग ओढवला. दहा माणसे गेली; मारणारा मुलगा त्यांतच, आणि तो त्यांच्यातलाच. तेव्हा कोलंबाइनमधून वाचलेली मुले तो फलक घेऊन रेड लेकला आली. 2012 च्या डिसेंबरात कनेक्टिकटमधल्या न्यूटाउनच्या शाळेत वीस लहान मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेली. रेड लेकची माणसे भर थंडीत मोटारीने निघाली आणि अर्धा देश ओलांडून तो फलक न्यूटाउनला देऊन आली. तिथून तो 2014 साली वॉशिंग्टन राज्यातल्या मेरीसव्हिलला गेला. त्यापुढेही त्याचा प्रवास थांबला नाही.

हे ऐकून मला प्रथम वाटले, काय उपयोग? जाळे पुढे चालले आणि गोळ्याही पुढे चालल्या. एकही अरिष्ट त्यात अडकले नाही. शास्त्राची शिक्षिका म्हणून मी त्या प्रयोगाखाली निष्फळ असा शेरा मारला असता. पण मग डोळ्यांसमोर ती मोटार आली. स्वतःची मुले गमावलेली माणसे रात्रंदिवस प्रवास करून परक्या गावात जातात, आणि परक्या आयांच्या हातात एक जाळे ठेवतात. त्यांना का ठाऊक नव्हते, की जाळ्याने गोळी अडत नाही? ते त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार! ते फक्त सांगायला गेले होते, की तुम्ही रात्री जागे असाल तेव्हा आम्हीही जागे आहोत. मीठ-मोहऱ्या घेऊन धावत येणाऱ्या समोरच्या काकूंच्या मुठीतल्या मोहऱ्यांत काय होते? काही नव्हते. काकू आल्या होत्या, एवढेच होते. पण त्या यायला कुणाची तरी किंकाळी त्यांच्या कानांवर पडावी लागे.

घरी आल्यावर निळे कडे धाकटीच्या भिंतीवर परत गेले, आणि थोरल्याच्या उशापाशी आम्ही विलोचे कडे बांधले. भोक यातही होते. त्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला. यावेळी मी खरे ते सांगितले.

"हे जाळं त्याला अडवणार नाही. स्वप्नात तो आला तर तू मोठ्यांदा हाक मार. मग आम्ही येतो."

तो विचारात पडला. "आवाज करायचा?"

"घरी करायचा. शाळेत बाई सांगतील तसं वागायचं. पण रात्री, आपल्या घरात, पाहिजे तेवढा आवाज करायचा."

"शिंकलो तरी चालेल?"

"चालेल."

ऑक्टोबरच्या शेवटी मी परत आले. इथे आल्यावर माझ्या ध्यानात आले की ही कडी आपल्याकडेही सगळीकडे लटकली आहेत. तुळशीबागेत, रिक्षांच्या आरशांना, मुलींच्या कुलपांच्या किल्ल्यांना. पूर्वी ती दिसत असूनही मी पाहिली नव्हती. बिचारी नायलॉनची, कधी न तुटणारी.

परवा रात्री फराळाचे करीत होते, तेव्हा लेकीचा फोन आला. तिच्याकडे सकाळ होती आणि आवाज अगदी थकलेला होता. थोरला हल्ली मध्येच उठून "आई!" म्हणून असा काही ओरडतो, की धाकटी जागी होते, जावई धडपडत उठतात, शेजारच्यांचा दिवा लागतो. ते कडेही वाळून जरा वाकडे झाले आहे.

"काय करावं गं, आई?" तिने विचारले.

"काही करू नकोस," मी म्हटले. "ओरडू दे."